उघड्या फायली आणि परिग्रहाचे परिमाण

संग्रहाला मर्यादा असावी, एवढे म्हणून कोणाचेच समाधान होत नाही. कारण ती मर्यादा कोणी घालावी, कशाच्या मापाने मोजावी, आणि घातलेली मर्यादा अपुरी पडू लागली असता ती वाढवावी की जवळचे काही सोडून द्यावे, हे तीन प्रश्न त्या एका विधानाच्या पोटात दडलेले असतात, आणि धर्मविचाराचे खरे काम त्या प्रश्नांपाशीच सुरू होते. सर्वस्वाचा त्याग केलेल्या यतीला हे प्रश्न फारसे पडत नाहीत, आणि लोभाच्या पूर्ण अधीन झालेल्या माणसालाही ते पडत नाहीत. ते पडतात गृहस्थाला, ज्याला धरल्यावाचून चालत नाही आणि धरून ठेवल्याने सुख लाभत नाही. नीरेच्या डाव्या कालव्याने जोडलेल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत हा प्रश्न पाण्याच्या पाळीत, जमिनीच्या धारणेत आणि श्रावकाच्या व्रतात फार काळापासून विचारला जात आला आहे. आणि आज तेथील महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींपुढे तोच प्रश्न एका सर्वस्वी नव्या ठिकाणी, ऑपरेटिंग सिस्टिममधील उघड्या फायलींच्या मर्यादेच्या रूपाने, उभा राहतो. अपरिग्रहाचे जे अंग प्रवचनांतून सहसा सांगितले जात नाही ते या यांत्रिक व्यवस्थेत विलक्षण स्पष्टतेने प्रकट होते असे मला वाटते, आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम त्या व्यवस्थेचे स्वरूप पाहू. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, आणि जिच्या धर्तीवर पुढे लिनक्स घडली, तिच्यात जवळजवळ प्रत्येक वस्तूला फाईल मानण्याचा संकेत आहे. डिस्कवरचा मजकूर ही फाईल, कीबोर्ड ही फाईल, आणि दूरच्या एखाद्या संगणकाशी चाललेला संवाद हीही व्यवहारात फाईलच. चालू असलेल्या प्रोग्रॅमला, म्हणजे प्रोसेसला, यांतील कोणतीही वस्तू हवी झाली की तिला कर्नेलकडे मागणी करावी लागते. कर्नेल हा त्या राज्याचा कारभारी. तो आपल्या दप्तरी नोंद करतो आणि मागणाऱ्याच्या हाती एक क्रमांक ठेवतो. या क्रमांकाला फाईल डिस्क्रिप्टर म्हणतात. पुढचे वाचणे, लिहिणे, पाठविणे, मिळविणे हे सारे त्या क्रमांकाच्या आधारे चालते, आणि काम उरकल्यावर प्रोसेसने तो क्रमांक रीतसर परत करावा, म्हणजे तो दुसऱ्या कामासाठी मोकळा होईल, अशी अपेक्षा असते. संकेताने प्रत्येक प्रोसेसच्या पदरी आरंभीच तीन क्रमांक पडलेले असतात: शून्य हा घेण्यासाठी, एक हा देण्यासाठी, आणि दोन हा स्वतःची चूक सांगण्यासाठी.

हे क्रमांक अमर्याद मिळत नाहीत. १९७९ सालच्या सातव्या युनिक्स आवृत्तीत एका प्रोसेसला एका वेळी वीसच फायली उघडता येत असत. आजच्या लिनक्सवर ती संख्या सर्वसाधारणतः १०२४ पासून सुरू होते. या मर्यादेचे दोन पदर आहेत. सॉफ्ट लिमिट ही प्रत्यक्ष अमलात असलेली मर्यादा, आणि हार्ड लिमिट ही सॉफ्ट लिमिट जेथवर वाढविता येते ती अंतिम हद्द. या दोहोंच्याही पलीकडे सबंध यंत्राची म्हणून एक एकूण मर्यादा असते, कारण प्रत्येक नोंदीला कर्नेलच्या स्मृतीतील थोडी जागा लागते आणि ती जागा सर्वांची मिळून एकच असते. प्रोसेसने स्वतःची मर्यादा गाठली तर तिची पुढची मागणी चोविसाव्या क्रमांकाची त्रुटी सांगून नामंजूर होते. सबंध यंत्रच भरले असेल तर तेविसाव्या क्रमांकाची. तू तुझ्या वाट्याचे संपविलेस हा एक नकार, आणि आता कोणासाठीच शिल्लक नाही हा दुसरा; कारभाऱ्याने हे दोन नकार वेगळे ठेवले आहेत, आणि नीतिविचारानेही ते वेगळेच ठेवले पाहिजेत. मर्यादेला टेकलेल्या प्रोसेसची अवस्था शोचनीय होते. ती नव्या पाहुण्याला आत घेऊ शकत नाही; इतकेच नव्हे, तर आपली अडचण नोंदविण्यासाठी जी रोजनिशी उघडावी तीही तिला उघडता येत नाही, कारण तिच्यासाठीही एक क्रमांक हवाच असतो. अतिसंग्रहाने गुदमरलेल्याला आपण गुदमरलो आहोत हे सांगण्याचीही सवड उरत नाही, असा याचा अर्थ आहे.

आता या व्यवस्थेच्या शेजारी श्रावकाचे पाचवे अणुव्रत ठेवून पाहावे. बारामतीच्या व्यापारी पेठेत जैन कुटुंबे जुनी आहेत. १९६२ साली तेथे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू करणाऱ्या संस्थेचे अनेकान्त एज्युकेशन सोसायटी हे नाव त्याच परंपरेतून आलेले आहे. आणि इंदापूर तालुक्यात ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसले ते वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातील. या परंपरेने साधू आणि गृहस्थ यांना वेगवेगळे माप लावले. दिगंबर मुनीजवळ पिंछी, कमंडलू आणि शास्त्र या तीन उपकरणांपलीकडे काही नसावे. गृहस्थाला मात्र शेत, घर, सोने, रुपे, धन, धान्य असा बाह्य परिग्रह ठेवण्याची मोकळीक आहे, परंतु प्रत्येक प्रकाराची संख्या त्याने स्वतः ठरवावी आणि ती ओलांडू नये, हे परिग्रहपरिमाण व्रत. समंतभद्राचार्यांनी आपल्या श्रावकाचारात याच व्रताला इच्छापरिमाण असेही म्हटले, म्हणजे वस्तूंची मोजदाद हे साधन आणि इच्छेचे नियमन हे साध्य, असा क्रम त्यांनी लावून दिला. मुनीची तीन उपकरणे आणि प्रोसेसचे तीन आरंभीचे क्रमांक यांतील साम्य योगायोगाचे आहे. परंतु ज्यावाचून कार्यच होणार नाही ते किमान प्रथम बाजूला काढावे, आणि त्यापुढच्या प्रत्येक वाढीला हिशेब द्यावा, हा दोन्हीकडचा विचार योगायोगाचा नाही.

यंत्र जो पहिला धडा देते तो मोजमापाविषयीचा. मर्यादा मोजली जाते ती फायलींच्या आकारावर नव्हे, उघड्या असलेल्या क्रमांकांवर. एखादी फाईल सर्वस्वी रिकामी असो की तीत सबंध जिल्ह्याचे सातबारे साठविलेले असोत, उघडी आहे तोवर ती एकच क्रमांक अडविते. आणि हजार क्षुल्लक फायली उघड्या ठेवणारी प्रोसेस जितकी अडचणीत येते तितकी एकच प्रचंड फाईल धरून बसलेली येत नाही. आपण परिग्रहाचा विचार करताना नेहमी मोठ्या वस्तूंकडे पाहतो. वाडा, जमीन, दागिना. परंतु मनाच्या धारणाशक्तीला थकवा येतो तो पुष्कळदा या मोठ्या वस्तूंनी नव्हे, तर न उत्तरलेल्या पत्रांनी, अर्धवट सोडलेल्या कामांनी, मागे कधीतरी झालेल्या अपमानाच्या स्मरणांनी, आणि पुढे केव्हातरी उपयोगी पडेल म्हणून जपलेल्या शंभर लहान आशांनी. जैन आचार्यांनी बाह्य परिग्रहाचे दहा आणि अंतरंग परिग्रहाचे चौदा प्रकार मानले, आणि अंतरंगाच्या यादीत क्रोध, मान, माया, लोभ यांच्याबरोबर हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा यांसारखे सूक्ष्म भावही गणले. वरवर पाहता ही यादी अतिकठोर वाटते. तरीही ज्याने एखाद्या सर्व्हरच्या उघड्या क्रमांकांची यादी वाचली आहे, आणि जीत एकेक नोंद निरुपद्रवी असून सर्व मिळून घातक झाल्या आहेत असे पाहिले आहे, त्याला त्या आचार्यांची दृष्टी किती व्यवहारी होती हे पटावे.

दुसरा धडा मर्यादेच्या दोन पदरांचा. सॉफ्ट लिमिट प्रोसेसने स्वतः हवी तशी कमी करावी, किंवा हार्ड लिमिटपर्यंत वाढवावी. त्याला कोणाची अनुज्ञा लागत नाही. परंतु हार्ड लिमिटविषयीचा नियम चिंतनीय आहे. सामान्य प्रोसेसला आपली हार्ड लिमिट आपण होऊन खाली आणता येते, पण एकदा खाली आणल्यावर ती पुन्हा वर नेता येत नाही. तो अधिकार केवळ रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी व्यवस्थापकाचा. संयमाचा संकल्प आणि व्रत यांतील भेद याहून नेमकेपणाने कोठे मांडला गेला असेल असे मला वाटत नाही. आज थोडके जेवावे असे ठरविणारा माणूस आपली सॉफ्ट लिमिट खाली आणतो. भूक वाढली की तो ती पुन्हा वाढवील, आणि त्यात दोषही नाही. व्रत घेणारा मात्र आपल्यापुढचा परतीचा मार्गच आपल्या हाताने बंद करतो. त्याच्या स्वातंत्र्याचा यात संकोच होतो असे आधुनिक मन म्हणेल; पण स्वातंत्र्याचा सर्वांत मोठा उपयोगही हाच नव्हे काय, की उद्याच्या आपल्या दुर्बलतेला आजच्या आपल्या विवेकाने बांधून ठेवावे?

जेथे अशी मर्यादा कोणी आपण होऊन घालून घेत नाही तेथे ती राज्यसंस्थेला घालावी लागते, आणि त्या लादलेल्या मर्यादेचे गुणदोष इंदापूर तालुक्याने जवळून पाहिले आहेत. १९६१ साली महाराष्ट्रात कमाल शेतजमीन धारणेचा कायदा संमत झाला. त्यापूर्वी साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या हजारो एकर जमिनींवर ऊस उभा राहिला होता. वालचंदनगर हे त्यांतील एक प्रमुख ठिकाण. कायद्याच्या बडग्याने या जमिनी कारखान्यांच्या हातून सुटल्या आणि १९६३ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाच्या ताब्यात आल्या. परंतु ज्या खंडकरी शेतकऱ्यांच्या त्या मुळात होत्या त्यांना त्या परत मिळण्यासाठी अनेक दशके अर्जविनंत्या, मोर्चे आणि कज्जे करावे लागले, आणि वाटपाला खरी गती आली ती एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. धरणाऱ्याच्या हातून सोडविणे आणि ज्याचे त्याला पोचविणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. पहिली कायद्याने एका दिवसात होते, दुसरीसाठी धरणाऱ्याच्या जागी आलेल्याने आपण स्वतः धरून बसणार नाही अशी वृत्ती लागते. बाहेरून घातलेली मर्यादा संग्रहाला अटकाव करू शकते. सोडून देण्याची बुद्धी ती देऊ शकत नाही.

मर्यादा बाहेरची असो की आपली, पळवाटा दोन्हीकडे निघतात. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्र लिहिताना या व्रताचे जे अतिचार सांगितले ते वाचून मन थक्क होते: घरांची ठरलेली संख्या ओलांडू नये म्हणून दोन घरांमधली भिंत काढून ती एकच घर करणे, गाईंची संख्या वाढू नये म्हणून पोटातले वासरू न मोजणे, अधिकचे धान्य मुदत संपेपर्यंत दुसऱ्याकडे बांधून ठेवणे. जमीनधारणेच्या कायद्यानंतर आप्तांच्या नावे फाळण्या पाडून कमाल मर्यादा कागदोपत्री पाळण्याचे प्रकार महाराष्ट्रात घडले, ते याच जातीचे. संगणकातही हे सर्वश्रुत आहे. एका प्रोसेसची मर्यादा अपुरी पडली की तिच्यापासून दहा प्रोसेस निर्माण कराव्यात, म्हणजे प्रत्येकीचे खाते वेगळे राहते आणि सर्वांचा मिळून भार यंत्रावर पडतोच. अक्षर पाळून आशय मोडण्याची ही कला मनुष्यस्वभावाइतकीच जुनी आहे. आणि म्हणूनच समंतभद्रांनी मोजणीचा रोख वस्तूंवरून इच्छेकडे वळविला, हे त्यांचे शहाणपण.

तिसरा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उघड्या फायली फार झाल्याची तक्रार आली की अननुभवी व्यवस्थापक पहिला उपाय करतो तो मर्यादा वाढविण्याचा. १०२४ होती ती ६५,५३६ करतो, आणि तक्रार थांबते. काही वेळा हा उपाय यथायोग्य असतो, कारण हजारो लोकांशी एकाच वेळी बोलणाऱ्या सर्व्हरला हजारो क्रमांक खरोखरच लागतात. परंतु पुष्कळदा मूळ दोष निराळाच असतो: प्रोग्रॅम फायली उघडतो आणि काम झाल्यावर बंद करावयास विसरतो. अशा गळतीला मर्यादा वाढविणे हा उपाय नव्हे, ती केवळ मुदतवाढ आहे. जी विपत्ती सोमवारी येणार होती ती शुक्रवारी येईल, आणि येताना अधिक मोठी होऊन येईल. म्हणून जाणता व्यवस्थापक प्रथम यादी मागवितो: कोणी काय धरले आहे, केव्हापासून, आणि कशासाठी.

कालव्याच्या पाण्याचा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. भाटघरचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बारामतीकडे आले आणि पुढे इंदापूरच्या टेलपर्यंत गेले. आवर्तन सुटले की चारीचारीवर पाळ्या लागतात, आणि ज्याचे भिजवून झाले त्याने दार पाडून पाणी पुढे द्यावे अशी शिस्त असते. वरच्या अंगाला एखादे दार उघडेच राहिले, आणि भरलेल्या रानात पाणी नुसतेच वाहत राहिले, तर टेलच्या माणसाचे पीक करपते; ते दार द्वेषाने उघडे राहिले की झोप लागल्याने, याने करपण्यात काही फरक पडत नाही. अशा वेळी धरणातून अधिक पाणी सोडा अशी मागणी करणे स्वाभाविक असले तरी न्यायाची पहिली पायरी वरचे दार पाडण्याचीच आहे.

आपल्या युगाने दुःखाच्या प्रत्येक प्रश्नाला मर्यादा वाढविण्याचे एकच उत्तर देण्याची सवय लावून घेतली आहे. वेळ पुरत नाही, तर अधिक वेगवान वाहन घ्यावे. जागा पुरत नाही, तर अधिक मोठे घर घ्यावे. पगार पुरत नाही, तर कर्ज घ्यावे. यांतील काही गरजा खऱ्या असतात हे मी नाकारीत नाही, आणि ज्याचे पोटच भरत नाही त्याला अपरिग्रहाचा उपदेश करणे हे तर पाप आहे. परंतु ज्याची मर्यादा अनेकदा वाढून गेली आणि तरीही अपुरेपण जसेच्या तसे राहिले, त्याने एकदा तरी थांबून आपल्या उघड्या फायलींची यादी मागवावी.

सोडण्याचाही एक सूक्ष्म भेद या व्यवस्थेने दाखविला आहे. एखादी फाईल डिस्कवरून काढून टाकली, तिचे नाव सूचीतून गेले, आणि पाहणाऱ्याला ती नाहीशी झालेली दिसली, तरी कोणा एका प्रोसेसने ती उघडी धरलेली असेल तर ती प्रत्यक्षात नष्ट होत नाही. तिने व्यापलेली जागाही मोकळी होत नाही. शेवटचा धरणारा जेव्हा हात सोडील तेव्हाच ती खरी जाते. नाव टाकले परंतु धरणे टाकले नाही, अशा संन्यासाची जी परीक्षा आपल्या संतांनी पुनःपुन्हा केली तिचे हे तंतोतंत रूप आहे. ज्येष्ठाच्या अखेरीस आणि आषाढाच्या आरंभी तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने पंढरीकडे जाते, आणि काटेवाडीला तिच्यापुढे मेंढ्यांचे रिंगण होते. त्या तुकोबांच्या चरित्रात संतचरित्रकारांनी खतांची कथा सांगितली आहे. घराण्याची सावकारी होती, लोकांकडून येणे होते. दुष्काळानंतर वैराग्य आले तेव्हा त्यांनी ती खते इंद्रायणीत सोडली. या कथेतील एक तपशील पुष्कळदा निसटतो. त्यांनी सर्व खते बुडविली नाहीत. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाट्याची म्हणून दिली आणि आपली निम्मी तेवढी नदीला दिली. येणे माफ केले असे तोंडाने म्हणून खत पेटीत ठेवणे त्यांना पुरे वाटले नाही, कारण खत आहे तोवर धरणे आहे. आणि दुसऱ्याच्या हातातले आपण सोडून देण्याचाही अधिकार त्यांनी घेतला नाही. ज्या प्रोसेसने धरले असेल तिनेच बंद करावे हा नियम येथे करुणेच्या पातळीवर पाळला गेला आहे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो क्षुद्र नाही. प्रोसेस संपली की तिने उघडलेल्या सर्व फायली कर्नेल आपण होऊन बंद करतो. तिने एकही फाईल बंद केली नसली तरी काही बिघडत नाही. माणसाचेही तसेच नव्हे काय? मृत्यू सर्वांचेच हात सोडवितो. मग जन्मभर सोडण्याचा अभ्यास कशाला? याचे उत्तर संगणकाच्या व्यवहारातच आहे. जो प्रोग्रॅम क्षणभर चालून संपतो त्याचा गबाळेपणा मृत्यू झाकून नेतो, हे खरे. परंतु जो महिनोन्महिने अखंड चालतो, ज्याच्या आधारावर इतर शेकडो कामे उभी असतात, त्याला मृत्यूचा आधार नाही. त्याला प्रत्येक कामाच्या शेवटी आपणच सोडावे लागते. आणि जन्मलेली प्रोसेस आपल्या जनकाच्या मर्यादा व त्याच्या उघड्या फायली दोन्ही वारशाने घेऊन येते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. एक माणूस मरतो; पण घराणे, संस्था, गाव, समाज ही दीर्घकाळ चालणारी असतात, आणि बापाने उघडी ठेवलेली भांडणे मुलाच्या हाती उघडीच येतात. बांधाच्या वादाचे दावे ज्या घरांत तीन पिढ्या चालले आहेत त्यांना वारशाचा हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या मृत्यूने जे आपोआप बंद होणार नाही ते आपण जिवंतपणी बंद करणे, हे पितृऋण आणि पुत्रऋण यांच्या मधले एक तिसरे ऋण आहे असे मी मानतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. यंत्राला इच्छा नाही. त्याचा संग्रह लोभातून येत नाही, केवळ लिहिणाऱ्याच्या विस्मरणातून येतो. तेव्हा तत्त्वार्थसूत्राचे कर्ते उमास्वामी ज्याला परिग्रह म्हणतात, म्हणजे वस्तूविषयीची चित्ताची आसक्ती, ती यंत्रात नाहीच, आणि म्हणून ही तुलना मुळातच लंगडी आहे. तुलना एका मर्यादेपलीकडे लंगडी आहे हे मला मान्य आहे. फाईल बंद करणाऱ्या प्रोसेसला पुण्य लागत नाही. परंतु त्याच उमास्वामींनी बंधाची जी पाच कारणे सांगितली, मिथ्यात्व, अविरती, प्रमाद, कषाय आणि योग, त्यांत प्रमादाला, म्हणजे अनवधानाला, स्वतंत्र स्थान दिले आहे. लोभ हा कषायांत येतो. प्रमाद त्याच्या आधी गणला आहे. आपण जे धरून ठेवतो त्यांपैकी लोभाने किती आणि नुसत्या अनवधानाने किती याचा प्रामाणिक हिशेब केला, तर अनवधानाचे पारडे जड ठरेल असे मला वाटते. दोन पिढ्यांपूर्वीचे वैर आपण हावेने जपत नाही; ते बंद करावयाचे राहून गेलेले असते. यंत्र लोभाविषयी काही शिकवीत नाही, पण लोभाशिवायही माणूस परिग्रहाने बुडू शकतो हे ते निर्विवादपणे दाखविते, आणि हे ज्ञान सज्जनांना अधिक आवश्यक आहे, कारण आपण लोभी नाही या समाधानात तेच अधिक निर्धास्त असतात.

मर्यादा जितकी कमी तितकी चांगली, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. १०२४ ही संख्या टिकून राहण्यामागे एक कारण असे की, सिलेक्ट नावाच्या एका जुन्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रॅमांना त्यापलीकडचे क्रमांक पेलत नाहीत. अधिक दिले तर त्यांची स्मृतीच बिघडते. नव्या पद्धतीने लिहिलेल्यांना लाखो क्रमांक पेलतात, आणि तेथे जुनी मर्यादा अन्यायाची ठरते. ज्याची जितकी सांभाळण्याची शक्ती तितका त्याचा अधिकार, हा आपल्या शास्त्रांतील अधिकारभेदाचा विचार येथेही लागू पडतो. आणि आपण होऊन घातलेली मर्यादा दारिद्र्यच आणते असेही नाही. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहून, १७९४ साली बारामतीतच देह ठेवीपर्यंत मोरोपंतांनी जी एकशे आठ रामायणे रचली त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. ओठ ज्यांच्या उच्चाराला मिटावे लागतात ती अक्षरेच त्यात नाहीत, म्हणजे रामाच्या नावातील मकारही कवीने स्वतःला वर्ज्य करून रामकथा सांगितली. कोणी त्यांच्यावर ही सक्ती केली नव्हती. परंतु जेवढे उरले तेवढ्यात पूर्ण कथा सांगून दाखविण्यात जे प्रभुत्व प्रकट झाले ते सर्व अक्षरे हाताशी असताना प्रकट झाले नसते.

अनुभवी प्रोग्रॅमर आपल्या सर्व्हरमध्ये एक योजना करून ठेवतात. ते एक क्रमांक आरंभीच निष्कारण उघडून राखीव ठेवतात. सर्व क्रमांक संपले आणि दारात नवा पाहुणा उभा राहिला, की तो राखीव क्रमांक सोडून ते पाहुण्याला क्षणभर आत घेतात, सध्या जागा नाही असे सांगून त्याला निरोप देतात, आणि क्रमांक पुन्हा राखून ठेवतात. पाहुण्याला ताटकळत ठेवण्यापेक्षा स्पष्ट आणि सभ्य नकार देणे बरे. पण तो नकार देण्यासाठीही थोडी मोकळी जागा जवळ असावी लागते. श्रावकाच्या शिक्षाव्रतांत अतिथिसंविभाग हे एक व्रत आहे. आपल्या अन्नातला काही भाग, अतिथी येवो न येवो, त्याच्यासाठी वेगळा धरावयाचा. परिग्रहाचे परिमाण आणि अतिथीचा वाटा ही दोन व्रते एकाच गृहस्थाला सांगितली गेली, यात त्या सर्व विचाराचे मर्म आहे. मर्यादा ही आपल्या शुद्धतेची शोभा म्हणून नाही. यंत्र एक आहे, कालवा एक आहे, पृथ्वी एक आहे, आणि आपल्याखेरीज दुसरेही कोणी आहे, म्हणून मर्यादा आहे.

तेव्हा आरंभी मांडलेल्या तीन प्रश्नांना माझी उत्तरे अशी आहेत. मर्यादा प्रथम आपण आपल्याला घालावी, म्हणजे राज्यसंस्थेची मर्यादा आपल्या अंगावर येण्याची वेळ क्वचित येईल. ती वस्तूंच्या आकाराने न मोजता आपण किती गोष्टी उघड्या धरल्या आहेत त्या संख्येने मोजावी, आणि मोजताना लहानांनाही वगळू नये. अपुरेपण जाणवले तर मर्यादा वाढविण्यापूर्वी यादी पाहावी. ज्याचे काम खरोखर चालू आहे ते निःशंकपणे धरावे, ज्याचे संपले आहे ते त्याच दिवशी सोडावे, आणि एवढे करूनही गरज उरली तरच हद्द पुढे सरकवावी. गृहस्थाला मुनी होण्याची आवश्यकता नाही. उघडलेले प्रत्येक दार बंद करणे हे आपलेच कर्तव्य आहे, ते मृत्यूचे, मुलाचे किंवा सरकारचे नव्हे, एवढे त्याने मानले तरी अपरिग्रहाचा बराचसा भाग त्याच्या हातून घडून जाईल.